व्हीएफएक्सची डिग्री घेऊ का? आधी विचार, कॅमेरा हातात किती देतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी कोल्हापूरची, यंदा बारावी सायन्स झाली. तिला व्हिडिओ प्रॉडक्शन आणि व्हीएफएक्स (चित्रीकरणात नंतर कॉम्प्युटरवर मिसळायची दृश्यं) शिकायचंय. पुण्या-मुंबईच्या कॉलेजातली तीन-चार वर्षांची डिग्री, गावातच वर्षभराचा डिप्लोमा, की घरी बसून फुकटचे व्हिडिओ बघून शिकायचं, हे ठरत नाहीये. वडील म्हणतात इंजिनिअरिंग कर, हे छंद म्हणून चालू ठेव. आणि शेवटचा प्रश्न: एआय आल्यावर या क्षेत्रात काम उरणार आहे का?

मी मुंबईत बरीच वर्षं कंपोझिटिंग करते, म्हणजे वेगवेगळे तुकडे जोडून एक शॉट बनवते. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे शॉट तपासणं हा आता माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडताना कोण काय घेऊन येतं ते जवळून दिसतं. माझं उत्तर असं: डिग्री जरूर घे, पण जिथे पहिल्या वर्षापासून शूटिंग करायला लावतात अशाच ठिकाणी. जिथे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत फक्त कॉम्प्युटर लॅब आहे, तिथे वर्षं आणि पैसे घालवू नकोस. सॉफ्टवेअर घरी शिकता येतं. उजेड, लेन्स आणि सेट घरी एकटीने शिकणं फार अवघड.

हे असं का, ते कामातूनच सांगते. आमच्याकडे शॉट येतो तो तुकड्यातुकड्यांत. नटीचं चित्रीकरण हिरव्या कापडासमोर झालेलं, मागचा डोंगर वेगळ्याच दिवशी घेतलेला, धूर तिसऱ्याच ठिकाणचा, आणि किल्ल्याची तटबंदी कॉम्प्युटरवर उभी केलेली. कंपोझिटरने हे सगळं असं जुळवायचं की एकाच कॅमेऱ्याने, एकाच वेळी, एकाच उन्हात घेतल्यासारखं वाटावं. आता जिने कॅमेरा कधी हातातच धरलेला नाही, तिला कसं कळणार की लांब फोकल लेंथच्या (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर मागचं किती धूसर होतं, किंवा दुपारी चारच्या उन्हात सावलीची कड पायाजवळ तीक्ष्ण आणि डोक्याकडे मऊ का असते? न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला प्रत्येक नोड (एकेका कामाचा ठोकळा) पाठ असलेली मुलं मुलाखतीला येतात. मी एक फोटो समोर ठेवून विचारते, मुख्य उजेड कुठून येतोय आणि कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर असेल? बहुतेक जण इथेच अडकतात.

हिरव्या कापडाचंच बघ. मोकळ्या केसांची मुलगी, मागे चार फुटांवर हिरवं कापड. कापडावरून उसळलेला हिरवा उजेड तिच्या गालाच्या कडेवर, खांद्यावर, केसांच्या टोकांवर येतो, त्याला आम्ही स्पिल म्हणतो. नवखा विद्यार्थी एकच कीअर (हिरवा रंग ओळखून तेवढा भाग काढून टाकणारं साधन) लावतो आणि हिरवं पूर्ण जाईपर्यंत स्लायडर ओढत राहतो. हिरवं जातं, पण त्याबरोबर अर्धे केसही जातात आणि डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी कड उरते. सरावलेला माणूस एका की-वर, म्हणजे अशा एकाच कापणीवर, भागवत नाही. शरीराच्या आतल्या भागासाठी एक घट्ट मॅट (काय ठेवायचं, काय काढायचं ते सांगणारं काळं-पांढरं चित्र), केसांच्या कडेसाठी दुसरी मऊ मॅट, हात जलद हलतो तिथे रोटो, म्हणजे फ्रेमगणिक हाताने कडेची रेघ आखणं. मग स्पिल काढायचा, पण तो काढल्यावर कडेवरचा उजेडही कमी होतो, म्हणून नव्या पार्श्वभूमीचा रंग आणि उजेड त्या कडेवर परत चढवायचा. सगळं नीट जमलं की कोणाला काही केलंय हे जाणवतसुद्धा नाही.

पण यातली निम्मी डोकेदुखी शूटिंगलाच मिटली असती. मुलीला कापडापासून दहा-बारा फूट पुढे उभं केलं असतं, कापडावर वेगळा, सगळीकडे सारखा उजेड टाकला असता, तर स्पिल नावापुरता राहिला असता. रेकॉर्डिंग कुठल्या पद्धतीने केलंय यानेही फरक पडतो. साध्या मोबाइल व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची माहिती दोन बाय दोनच्या चार पिक्सेलना मिळून एकच असते. त्याला ४:२:० म्हणतात. डोळ्याला ते जाणवत नाही. की मात्र रंगावरच काढायची असते, म्हणून केसांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. हिरवाच रंग का, तर डिजिटल सेन्सरवर लाल किंवा निळ्याच्या दुप्पट हिरवे ठिपके असतात, त्यामुळे हिरव्या रंगात खरखर (चित्रातले बारीक दाणे) कमी. आणि नटीच्या हातात हिरवा चुडा असेल तर? मग निळं कापड लावायचं. हे सेटवर सांगणारं कोणी नसेल तर पुढे प्रत्येक फ्रेममध्ये बांगड्यांचा रोटो करत बसावं लागतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२० फ्रेम.

सेटवरचं दुसरं शिक्षण म्हणजे नोंदी. व्हीएफएक्सचा शॉट घेतला की लगेच त्याच जागी एक राखाडी गोळा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून दोन फ्रेम घ्यायच्या. राखाडी गोळ्यावर उजेडाची दिशा आणि सावलीचा मऊपणा वाचता येतो, चकचकीत गोळ्यात आजूबाजूचं सगळं प्रतिबिंब मिळतं. कॅमेऱ्याची उंची, किती अंशात झुकवलाय, लेन्स कुठली, नट कॅमेऱ्यापासून किती लांब, हे टेपने मोजून वहीत लिहायचं. त्याच लेन्समधून चौकटींच्या तक्त्याचं चित्र घेऊन ठेवायचं, म्हणजे लेन्समुळे आलेला बाक नंतर सरळ करता येतो. दुसऱ्या टेकची घाई सुरू असताना, दिग्दर्शक ओरडत असताना हे कोणालाही न दुखावता करून घेणं ही स्वतंत्र कला आहे, आणि ती सेटवर उभं राहिल्याशिवाय येत नाही. चांगलं कॉलेज हेच देतं: सामान, चार सहाध्यायी, आणि चुकीच्या उजेडात शूट करून आल्यावर वर्गात सगळ्यांसमोर ते दाखवून बोलणारा शिक्षक.

तू कोल्हापूरची आहेस म्हणून एक सांगते. बाबूराव पेंटर तुझ्याच गावचे. नाटकांचे पडदे रंगवणारा हा चित्रकार स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवून बसला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत चित्रित केली होती आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून कॅमेऱ्यातल्या करामती पडद्यावर आणल्या. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी. हा इतिहास मी अभिमानापुरता सांगत नाही. दोघांचाही पाया चित्रकला आणि कॅमेरा हाच होता, आणि आजही आमच्या खात्यात जे पुढे जातात त्यांचा तोच असतो. स्केचिंग सुटलं असेल तर आजच सुरू कर. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज ही कला महाविद्यालयं आहेत, तिथल्या मुलांबरोबर रंकाळ्यावर बसून चित्रं काढलीस तरी नजर तयार होईल.

आता कॉलेज कसं पारखायचं. माहितीपत्रकातली सॉफ्टवेअरची लांबलचक यादी वाचू नकोस. प्रत्यक्ष जा, आणि ऑफिसात बसलेल्या समुपदेशकाशी नाही तर शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोल, शक्यतो कँटीनमध्ये. कॅमेरा किती जणांत एक मिळतो, सुट्टीच्या दिवशी घेऊन जाता येतो का, दिवे आणि हिरवा स्टुडिओ खरंच वापरायला मिळतो की पाहुणे आले की दाखवायला आहे? स्वतः शूट केलेल्या प्लेटवर (इफेक्ट टाकण्याआधीच्या मूळ चित्रीकरणावर) किती काम केलं, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या प्लेटवर किती? शिकवणाऱ्यांपैकी कोणी गेल्या काही वर्षांत खरा शॉट पूर्ण करून दिलाय का? मुलांचं काम बघायला माग, पण नुसता झगमगीत शोरील (निवडक कामाची क्लिप) नको, ब्रेकडाऊन बघ: मूळ प्लेट, मधले टप्पे, शेवटचा शॉट. आणि प्रत्येक शॉटला विचार, यातलं तू नेमकं काय केलंस? एकच शॉट पाच जणांच्या शोरीलमध्ये सापडतो, तेव्हा समजून जा.

शंभर टक्के प्लेसमेंटचा फलक दिसला तर तीन गोष्टी विचार: कुठल्या खात्यात लागले, किती पगारावर, आणि वर्षानंतर त्यातले किती अजून या कामात आहेत. उत्तर देताना चाचरले की तेच उत्तर.

आणि पदवी कोणाची? यूजीसीची मान्यता असलेल्या विद्यापीठाची आहे ना, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः तपास. काही संस्था स्वतःचं प्रमाणपत्र देतात आणि जोडीला कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी चिकटवतात. नोकरी देताना आम्ही पदवी बघत नाही, शॉट बघतो, हे खरं आहे. पण उद्या परदेशी स्टुडिओने बोलावलं तर व्हिसाच्या वेळी पदवी लागू शकते, आणि पुढे शिकायचं ठरवलंस तरी लागते. पुण्याची एफटीआयआय ही सरकारी चित्रपट संस्था, १९६० पासून प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत उभी असलेली, तिथल्या दिग्दर्शन, छायांकन, संकलनाच्या मुख्य अभ्यासक्रमांना कुठल्याही शाखेची पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात पदव्युत्तर अॅनिमेशन आहे, त्याला सीड ही परीक्षा. बारावीनंतर लगेच जायचं तर त्याच आयडीसीचा बी.डेस. हा डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम यूसीड ही परीक्षा देऊन मिळतो, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची स्वतःची परीक्षा आहे, आणि जे. जे.च्या उपयोजित कलेसाठी वेगळी प्रवेश परीक्षा. यूसीड जानेवारीत होते आणि बारावी झालेल्या मुलांना पुढच्या वर्षीही देता येते. म्हणजे यंदा घाईने कुठेतरी पैसे भरण्यापेक्षा एक वर्ष थांबून ही परीक्षा नीट देणं हा खरा पर्याय तुझ्यापुढे आहे. या सरकारी संस्थांमध्ये 'व्हीएफएक्स' हे नाव वर्गाच्या दारावर दिसलं नाही तरी बिचकू नकोस. चित्र, रचना, छायांकन आणि संकलन तिथे जसं पक्कं होतं तसं फार कमी ठिकाणी होतं.

खासगी कॉलेजं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या फिल्मसिटीतल्या किंवा पुण्याच्या काही विद्यापीठांतल्या अभ्यासक्रमांतून उत्तम मुलं येतात. पण फी काही लाखांत जाते, आणि साखळी संस्थांच्या बाबतीत तर एकाच नावाच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो सगळा तिथल्या एक-दोन शिक्षकांमुळे. तो शिक्षक सोडून गेला की शाखा बसली. म्हणून वर्ष-वर्षाची फी भरता येते का बघ, तिन्ही वर्षांची एकदम भरू नकोस.

वडिलांशी वाद घालण्याआधी त्यांच्या म्हणण्यातलं खरं घे. तुला गणित मनापासून आवडत असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग ही या क्षेत्रात शिरायची भक्कम वाट आहे. पाणी, आग, धूर, कोसळणाऱ्या भिंती यांचं सिम्युलेशन म्हणजे व्हेक्टर आणि भौतिकशास्त्र. हजारो फाइली एका खात्यातून दुसऱ्यात सुरळीत जाव्यात म्हणून पायथनमध्ये साधनं लिहिणारे लोक प्रत्येक स्टुडिओला हवे असतात आणि सहसा मिळत नाहीत. पुण्याचे विकास साठ्ये हे अभियंते. हेलिकॉप्टरला लावायच्या शॉटओव्हर के-वन कॅमेरा यंत्रणेसाठी २०१८ मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह ऑस्कर अकादमीचा तंत्रज्ञानाचा पुरस्कार मिळाला. पण गणित नुसतं मार्कांपुरतं येत असेल आणि जीव चित्रात असेल, तर चार वर्षं नको असलेलं शिकून मग परत इथेच येण्यात काही अर्थ नाही. हे वडिलांना शांतपणे सांग, कामाचा एखादा शॉट पुढ्यात ठेवून सांगितलंस तर अधिक बरं.

नोकरीचं वास्तवही त्यांना आणि तुला माहीत असायला हवं. सुरुवात रोटो, पेंट (नको ते पुसणं) किंवा मॅचमूव्हने (कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरवर जुळवणं) होते. पगार पहिली काही वर्षं इंजिनिअर झालेल्या मैत्रिणींपेक्षा कमी असतो. डिलिव्हरीच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं. काम जगभरातून येतं, हे चांगलंही आणि धोक्याचंही. २०१४ मध्ये मुंबईची प्राइम फोकस आणि लंडनची डबल निगेटिव्ह या व्हीएफएक्स कंपन्या एकत्र आल्या आणि त्यानंतर परदेशी मोठ्या चित्रपटांचे शॉट मुंबईत बसून करणारे शेकडो लोक तयार झाले. उलट २०१३ मध्ये ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकन व्हीएफएक्स कंपनीने फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात 'लाइफ ऑफ पाय'साठी ऑस्कर घेतलं. त्या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा व्हीएफएक्स स्टुडिओंचा समूह कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या हजारोंचं काम अचानक थांबलं. कलाकार कमी पडले म्हणून हे झालं नाही. शॉटचे पैसे आधी ठरतात, निर्माता बदल शेवटपर्यंत सांगत राहतो, आणि ज्या देशात करसवलत जास्त तिकडे काम सरकतं. या सगळ्याचा भार स्टुडिओवर येतो आणि तिथून कामगारावर.

म्हणूनच डिग्रीतला 'व्हिडिओ प्रॉडक्शन' हा अर्धा भाग दुय्यम समजू नकोस. शूट करता येणं, आवाज नीट घेता येणं, संकलन करता येणं यावर वाईट काळात घर चालतं. स्टुडिओ बंद पडल्यावर ज्यांना फक्त रोटो येत होता ते महिनोन्महिने बसून राहिले. ज्यांना कॅमेरा आणि एडिट येत होतं त्यांनी माहितीपट, जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ केले आणि संधी येताच परतले.

एआयचं म्हणशील तर ते येऊन बसलंच आहे. दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या विकतच्या आवृत्तीत माणसावर एक रेघ मारली की मॅजिक मास्क त्याचा मास्क, म्हणजे मॅटच, बनवून देतो. न्यूकमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट आहे: काही फ्रेमवर हाताने काम करून दाखवायचं, उरलेल्या फ्रेम ते शिकून करतं. साधा रोटो आणि साधी सफाई करणाऱ्यांची संख्या कमी होणार, यात मला शंका नाही. म्हणून ज्या वर्षभराच्या डिप्लोमाचं एकमेव आश्वासन रोटोची नोकरी आहे, तो घेऊ नकोस, हे मी अगदी ठामपणे सांगते. पण मास्क मिळाला म्हणजे शॉट झाला असं नाही. हात वेगाने हलताना बोटांभोवतीची धूसर कड चुकते, केस एका फ्रेमला येतात आणि पुढच्या फ्रेमला गायब होतात, आणि ते चुकलंय हे ओळखायला नजर लागते. सुपरवायझर जेव्हा म्हणतो, 'शॉट तसाच ठेव, फक्त धूर थोडा डावीकडे घे आणि दुसऱ्या सेकंदानंतर पातळ कर', तेव्हा बाकी काहीही न बदलता तेवढंच करता यावं लागतं. नुसत्या वाक्यावरून अख्खं चित्र नव्याने बनवणारी साधनं इथे अजून कमी पडतात. ती सुधारतील. त्यांच्याकडून काम करून घेणारीला उजेड आणि लेन्स कळत असेल तरच तिला ते वापरता येतील.

राहिला घरी शिकण्याचा प्रश्न. प्रवेशाआधीचे महिने हातात आहेत, ते वापर. दा विंची रिझॉल्व्हची साधी आवृत्ती फुकट आहे आणि त्यात कंपोझिटिंगसाठी फ्यूजन आहे, थ्रीडीसाठी ब्लेंडर फुकट, न्यूकची बिगर-व्यावसायिक आवृत्ती फुकट, सिम्युलेशनसाठी हुडिनीची शिकाऊ आवृत्तीही. खऱ्या सेटवरच्या प्लेट हव्या असतील तर ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ च्या 'टिअर्स ऑफ स्टील' या लघुपटाचं मूळ चित्रीकरण सर्वांसाठी खुलं केलंय. महागड्या लॅपटॉपचा हट्ट आत्ता धरू नकोस, कॉलेज कुठलं ते ठरल्यावर घे.

पण सगळ्यात आधी हा एक शॉट कर. घरातला स्टीलचा तांब्या अंगणात उन्हात ठेव. मोबाइलवर एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करता येईल असं अॅप घे, सेकंदाला २५ फ्रेम, शटर इतकं जलद की उन्हात चित्र पांढरं पडू नये. मोबाइलचं स्टॅबिलायझेशन बंद कर, नाहीतर चित्र पाण्यासारखं हलतं आणि ट्रॅक (कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरने शोधून काढणं) बसत नाही. तांब्याभोवती हळू अर्धी फेरी मार. मग तांब्या उचल, जागेवर खडूची खूण ठेव, आणि तीच फेरी तांब्याशिवाय मार. जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजून लिही, वेळ लिही. क्लिप आधी रिझॉल्व्हमधून एकसारख्या फ्रेम रेटला काढून घे, कारण मोबाइल तो मधेच बदलतो. आता दुसऱ्या क्लिपचा कॅमेरा ब्लेंडरमध्ये ट्रॅक कर, तांब्या मॉडेल कर, त्याच उन्हात उभा कर, आणि पहिल्या क्लिपमधल्या खऱ्या तांब्याशी ताडून बघ. बुडाशी जमिनीला टेकतो तिथली गडद रेघ आली का? पोटावर आकाश आणि तुझं स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय का? सावलीत जमिनीचा लालसरपणा परत वर उसळलाय का? खऱ्या चित्रात जेवढी खरखर आहे तेवढी तुझ्या तांब्यावर आहे का?

हे करताना कंटाळून सोडून दिलंस, तर लाखो रुपये वाचले. रात्री जेवायला हाक मारल्यावरही उठावंसं वाटलं नाही, तर यूसीडचा अर्ज कधी निघतो ते बघून ठेव. शॉट झाला की मूळ क्लिप, ट्रॅकचा टप्पा आणि शेवटचं चित्र, तिन्ही पाठव. कडा आणि सावली बघून पुढे काय करायचं ते सांगेन.